कुंडलिककाकाच्या दाढेचा सुरक्षित प्रवास

स्वाइन फ्लूच्या साथीत आख्ख्या शहापूर तालुक्यात सगळ्यात सुरक्षितपणे काढली गेलेली दाढ म्हणजे आमच्या कुंडलिककाकाची. हे मी अभिमानानं सांगतो, कारण त्या सुरक्षिततेची योजना माझी होती. दाढ निघाली आणि स्वाइन फ्लू कुणालाही झाला नाही. मधल्या वेळात जे काही घडलं, त्याला योजना जबाबदार नव्हती असं माझं मत आहे. सापगावचं मत वेगळं आहे. पण सापगावात मी एकटा आणि गाव आख्खा, त्यामुळं मतमोजणीत अर्थ नाही.

साल दोन हजार नऊ, श्रावण संपत आलेला. टीव्हीवर दिवसभर पुणं दाखवायचे आणि पुण्यातले लोक तोंडाला फडकी बांधून फिरताना दिसायचे. आमच्या गोजरकाकीला आधी वाटलं, पुण्यात धूळ फार असेल. मग मुंबईच्या शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली, तेव्हा मी तिला नीट समजावून सांगितलं. मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स पुरा करून घरी बसलो होतो. म्हणजे माझ्याकडे ज्ञान होतं आणि वेळ होता, आणि दोन्ही कुणाला नको होतं.

कुंडलिककाका गणपती करतो. आमच्याकडे बरेच लोक गणपती दुकानातून आणत नाहीत. आषाढातच आपल्या घरातला पाट आणून काकाच्या ओटीवर ठेवायचा, आणि निघायचं. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जाते. पाट दिला म्हणजे शब्द दिला. दिलेला पाट कुणी परत नेला, तर ती जवळजवळ ठरलेली सोयरीक मोडण्यासारखी गोष्ट. आजवर कुणी नेलेला नव्हता.

काकाची दाढ दुखायला लागली ती नेमकी डोळ्यांच्या वेळेला. रंगकाम सगळं झालं की शेवटी डोळ्यांची आखणी. हे काम घरात दुसरं कुणी करत नाही. दागिने गोजरकाकी रंगवते, उंदीर मी रंगवतो (माझ्या उंदरांना काही लोक मांजर समजतात, पण उंदीर पाया पडण्यापुरता असतो), पण डोळे काकाच आखतो. श्वास रोखायचा आणि केसाएवढी रेघ एका दमात ओढायची. त्या एका दमात दाढेतून कळ आली की हात उडतो. महादूआबांच्या गणपतीचा डावा डोळा असाच आखता आखता कानापर्यंत गेला. काकीनं ओल्या फडक्यानं पुसला. काकानं पुन्हा आखला, तो सोंडेवर गेला. मग काकानं कुंचला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

ओटीवर सगळे गणपती रंगून, मुकुट घालून, कोऱ्या डोळ्यांनी बसलेले. घरात जाता-येता ते आपल्याकडे पाहत नसत, आणि त्याचाच जीवाला जास्त त्रास व्हायचा. चतुर्थी अगदी जवळ आलेली. काकाचा हात थांबला तर आख्ख्या गावाला डोळ्यांसाठी मुरबाडच्या वाळूकडे जावं लागणार होतं. हा वाळू काकाच्याच हाताखाली शिकला आणि स्प्रेगन घेऊन वेगळा झाला. गणपतीच्या तोंडाला कागदाचा साचा लावायचा, फुस्स करायचं, की दोन डोळे तयार. काका त्याचं नाव घ्यायचा नाही. ‘तो फवारणीवाला’ म्हणायचा, जसा काही तो भातावर औषध मारायला जातो.

लवंग झाली, हिंग झाला, कापूर झाला. काकाच्या तोंडाला देवघराचा वास यायला लागला, पण दाढ हलेना. डॉक्टरकडे जायला मात्र तो तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं, की रोग तोंडानाकातून पसरतो हे टीव्हीवाला स्वतः सांगतो, आणि दाताचा दवाखाना म्हणजे येईल तो तोंड उघडून बसतो. तिथं आपलं तोंड कशाला न्यायचं? शिवाय इतकी वर्षं आपण गणपतीचा एक दात मोडून त्याला घरोघर पाठवला, त्याचा हिशोब देव आता करतोय, असंही त्याला वाटत होतं.

काकी माझ्याकडे बघून म्हणाली, “दीपेश, तू एवढा शिकलास, कायतरी कर ना रे.”

इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत योजना तयार केली.

पहिलं म्हणजे फोन. शहापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला डॉक्टर नम्रता म्हणून दातांच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या. त्या माझ्याइतक्याच सावध निघाल्या. म्हणाल्या, पेशंटबरोबर एकच माणूस आणा. गर्दी केलीत तर मी दार उघडणार नाही. आणि पेशंटला ताप असला तर येऊच नका. ताप दिसला की मी थेट सरकारी दवाखान्याला कळवते, तिथून ठाण्याला नेतात, घशातला नमुना घेतात आणि उत्तर येईपर्यंत तिथंच ठेवतात. मी म्हटलं, ताप अजिबात नाही, फक्त दाढ आहे.

हे मी काकाला सांगितलं नाही. ठाण्याला ठेवून घेतलं तर चतुर्थी ठाण्यातच जाईल आणि सापगावात सगळे गणपती आंधळे बसतील, हे त्याला कळलं असतं तर तो भिंतीकडून वळलाच नसता.

दुसरं, मास्क. शहापूरच्या मेडिकलमध्ये मास्क संपले होते. गोजरकाकीनं मखराच्या कापडातून दोन मास्क शिवले. काकाचा लाल सॅटिनचा, कडेला सोनेरी लेस. माझा जांभळा, खाली गोंडे. लावल्यावर आम्ही दोघं मखरातून उठून आल्यासारखे दिसत होतो. काकाचा गाल सुजलेला, म्हणून त्याच्यावरून उपरणंही बांधलं.

तिसरं, गाडी. वडापच्या जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात, म्हणजे साथीला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. म्हणून मी शेजारच्या अमितची मोटरसायकल मागून आणली.

चौथी गोष्ट मी सगळ्यात शेवटी सांगितली, कारण ती सगळ्यात महत्त्वाची होती. घरातून निघाल्यापासून डॉक्टर सांगेपर्यंत काकानं तोंड उघडायचं नाही. एक अक्षरही बोलायचं नाही. माझ्या वाचनाप्रमाणे रोग बोलण्यातून पसरत होता.

काकानं मान हलवली. तिथूनच तो गप्प झाला.

निघताना काकीनं त्याच्या शर्टाच्या आत काहीतरी सारलं. मला वाटलं अंगारा असेल. अंगाऱ्याला माझ्या योजनेत हरकत नव्हती.

आता इथं शहरातल्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्याकडे रस्त्यानं जाणाऱ्याला “कुठं चाललाव?” असं विचारतात. हा प्रश्न नसतो, तो एक प्रकारचा जकात नाका असतो. “हाय जरा काम” एवढं म्हटलं तरी चालतं, कुणी खोलात शिरत नाही. पण काहीच न बोलता पुढे जाणं म्हणजे दोनच गोष्टी: एक तर तुम्ही भांडण उकरून काढताय, नाही तर तुमचं काही खरं नाही. कुंडलिककाकाचं कुणाशी भांडण नव्हतं.

वेशीवरच धोंडीबाई भेटली. शेताच्या बांधावर बेणणीला, म्हणजे तण काढायला, बसली होती. आमचे मास्क पाहून ती उठून उभी राहिली आणि तिनं काकाला विचारलं, कुठं चाललाव? मी गाडी हळू केली, कारण रस्त्यात खड्डा होता. काका बोलला नाही. पण नुसतं जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं बोट वर करून दाखवलं. मग उत्तर दिलं नाही म्हणून माफी मागावी असं त्याला वाटलं असावं. त्यानं दोन्ही हात जोडले.

मी मागं पाहत नव्हतो, त्यामुळं हे मला नंतर कळलं. धोंडीबाईला जे दिसलं ते असं: कुंडलिक तोंड बांधून, लाल रेशमी कापडात, गाडीवर बसलाय. त्याची वाचा गेलीय. त्यानं आभाळाकडं बोट दाखवलं आणि हात जोडून निरोप घेतला.

पुढे तिठ्यावर रघू त्याच्या टेम्पोपाशी उभा होता. त्यानंही विचारलं. काकानं पुन्हा बोट वर केलं, पुन्हा हात जोडले. काका माणूस सरळ. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं तो करत नाही.

शहापूरला पोहोचेपर्यंत मी फार समाधानात होतो. वाटेत कुणाशी बोलणं नाही, कुणाला शिवणं नाही. आम्ही दवाखान्यासमोर उतरलो तेव्हा समोरच्या दुकानदारानं आमच्या मास्ककडे पाहून सजावटीच्या सामानाचा भाव विचारला, तेवढंच.

डॉक्टर नम्रता बाहेरच्या पडवीतच पेशंट तपासून मग आत घ्यायच्या. पडवीत दूर दूर खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर आल्या त्या टोपी, चष्मा, मास्क आणि प्लास्टिकचा झगा अशा वेशात. काका थोडा मागं सरकला. नंतर तो म्हणाला, त्याला वाटलं बाई वेल्डिंग करतात. डॉक्टर म्हणाल्या, तोंड अजून उघडू नका, आधी ताप बघू. हे काकाला पटलं. माझं आणि डॉक्टरांचं एकमत झालेलं पाहून त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढला असावा. त्यांनी दुरूनच थर्मामीटर पुढे केला, आणि काकानं तो शर्टाच्या आतून डाव्या काखेत ठेवला.

थोड्या वेळानं काढून पाहिला, मग उजेडात नेऊन पाहिला. आतून दुसरा आणून त्याच काखेत ठेवायला दिला. तो काढल्यावर त्या एक पाऊल मागं गेल्या.

“यांना शुद्ध आहे ना?” त्यांनी मला विचारलं.

पारा शेवटच्या टोकाला जाऊन तिथं बसला होता. त्या ताप-मापानं काका जिवंत असणं शास्त्राला धरून नव्हतं. आणि तो खुर्चीत ताठ बसून आमच्याकडे शांतपणे पाहत होता. पडवीतले दोन पेशंट उठून रस्त्यावर गेले. एकाच्या गालात कापूस होता, तो तसाच गेला. डॉक्टरांनी काकाला खोकला आहे का, घसा दुखतो का, श्वास लागतो का असं विचारलं. काकानं तोंड न उघडता मान आडवी हलवली. बोलता येत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्याला आता बोल म्हणणारच होतो, पण त्याआधी त्या आत जाऊन सरकारी दवाखान्याला फोन लावायला लागल्या. आतून मला ‘ठाणे’ एवढा एक शब्द ऐकू आला, आणि ओटीवरचे सगळे कोरे डोळे माझ्याकडे वळल्यासारखे वाटले.

तेवढ्यात रघूचा टेम्पो आला.

टेम्पोत आमचा गाव होता, दारातली अमितची मोटरसायकल ओळखून थांबलेला. पुढे महादूआबा, कारण गावकीत कुठलीही गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे जात नाही. त्यांच्यामागे धोंडीबाई, यमू, आणि ज्यांचे ज्यांचे पाट काकाकडे होते ते सगळे. आमच्याकडे माणूस आजारी पडला की बघायला जावं लागतं. हातात बिस्किटाचा पुडा घेऊन. गेला नाहीत तर आजारी माणूस बरा झाल्यावर त्याच्या घरची बाई तुम्हाला दहा-पंधरा वर्षं ऐकवते. साथीचा रोग असला तरी यातून सूट नाही. उलट जेवढा आजार मोठा तेवढं जाणं जास्त गरजेचं. फक्त लागण होऊ नये म्हणून त्यांनी टेम्पो रस्त्याच्या पलीकडे उभा केला आणि बायकांनी पदर, पुरुषांनी रुमाल नाकाला लावून तिथूनच बघायला सुरुवात केली.

काका इकडे पडवीत, गाव तिकडे, मधून आटगावची एसटी गेली.

बिस्किटं द्यायची कशी हा प्रश्न आला. रघूच्या टेम्पोत मंडपाचा बांबू होता. त्यानं पुडे एका पिशवीत भरले, पिशवी बांबूच्या टोकाला अडकवली आणि बांबू रस्त्यावरून आमच्याकडे सरकवला. दुसरी एसटी थांबली. ड्रायव्हरनं खाली वाकून काय चाललंय ते पाहिलं, आणि पाहिल्यावर इंजिन बंद करून बसला. दाढ दुखणाऱ्या माणसाच्या मांडीवर बिस्किटांची पिशवी येऊन टेकली. काकानं हात जोडले. पलीकडं यमूनं डोळ्याला पदर लावला.

मी ओरडून सांगायला हवं होतं की नुसती दाढ आहे. सांगितलंसुद्धा. पण माझ्या तोंडावर गोंड्यांचा मास्क होता आणि एसटीमागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शिवाय डॉक्टरांनी आतून येऊन, ठाण्याला नेणारी अँब्युलन्स निघाली आहे, पेशंटच्या जवळ कुणी येऊ नका, असं मोठ्यानं सांगितलं. त्यांचं सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

मग महादूआबा दोन पावलं पुढे आले. घसा साफ केला. मयताला बोलतात त्या आवाजात बोलले.

“कुंडलिक, तू कसली चिंता करू नको. तू ठाण्याला जा निवांत. गोजरकडं आमी बघतो. गणपतींचा पन बघतो. पाट आमी उचलतो तुज्या ओटीवरनं. वाळूला फोन केलाय मुरबाडला, तो येतो डोळं मारायला.”

काका खुर्चीतून उठला.

मी त्याला बस म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं उपरणं सोडलं. लाल मास्क ओढून काढला, लेससकट. घरातून निघाल्यापासून त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“कोन येतो?”

रस्त्याच्या पलीकडे पदर आणि रुमाल नाकावरून खाली आले. वाचा गेलेला माणूस बोलत होता.

“वाळू,” महादूआबा म्हणाले, पण आता जरा हळू.

“माज्या ओटीवर?” काका म्हणाला. “माज्या गणपतीच्या डोळ्यांत तो फवारनीवाला पंप मारनार? आन् तुमी पाट उचलनार? आरं मी मेलो काय रे?”

हे म्हणताना त्यानं दोन्ही हात वर केले, आणि त्याच्या डाव्या काखेतून एक पुरचुंडी खाली पडली. पायरीवर आपटून फुटली. खडं मीठ चहूकडे उडालं. एक खडा डॉक्टरांच्या चपलेवर पडला. त्यांनी खाली वाकून हातमोज्याच्या बोटानं मिठाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“हे गरम आहे,” त्या म्हणाल्या.

“तव्यावर भाजलंय. बायकोनं दिलं.”

“आणि हे तुम्ही काखेत ठेवलं होतं?”

“मग कुठं ठेवू? शेकायचा गाल.” काकानं माझ्याकडे बोट केलं. “गाल यानं बांधून टाकला. गार होऊ नये म्हनून काखेत धरला.”

“मग मी थर्मामीटर लावताना सांगायचं नाही का?”

“यानं सांगितलावता, बोलायचा नाय.”

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. पलीकडचा गावही वळला. एसटीच्या खिडक्यांतून प्रवासीही वळले. एका माणसाकडे इतक्या लोकांनी एकदम पाहणं आरोग्याला चांगलं नसतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

धोंडीबाईचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. तिनं रस्त्याच्या पलीकडून विचारलं, “मग मगाशी वर कुठं चाललावतास रे तू?”

“वरची दाढ गो,” काका म्हणाला.

डॉक्टरांनी उजव्या काखेत ताप पाहिला. काही नव्हता. डाव्या काखेला थोडं तेल लावायला सांगितलं. अँब्युलन्सला नको म्हणून कळवलं, आणि काकाला आत घेतलं. मला बाहेर ठेवलं. पेशंटबरोबर एक माणूस चालतो असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या, पण बहुधा तो मी नव्हतो.

आता गावानं परत जायला हरकत नव्हती. पण माणूस एकदा बघायला आला की बघितल्याशिवाय जात नाही. डॉक्टरांनी दोनदा खिडकीतून हात हलवून जायला सांगितलं, तेव्हा महादूआबांनी मला मध्ये घालून निरोप दिला, की आम्ही काही त्रास देत नाही, दाढ निघाली की नुसती एकदा बघतो आणि जातो. शेवटी रस्ता मोकळा व्हावा म्हणून डॉक्टरांनी ती दाढ कापसात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरा बांधून स्वतः बांबूच्या टोकाला अडकवली. दाढ रस्ता ओलांडून गेली. सगळ्यांनी ती आळीपाळीनं पाहिली. केवढी मोठी होती यावर चर्चा झाली. यमू म्हणाली, एवढीशी तर हाय. मग दाढ परत आली, आणि एसटी सुटली.

परत जाताना काका माझ्या गाडीवर बसला नाही. तो सरळ टेम्पोत चढला आणि महादूआबा आणि धोंडीबाईच्या मध्ये, मांडीला मांडी लावून, गालात कापूस धरून बसला. मी मागून मोटरसायकलवर एकटाच आलो, मास्क लावून. त्या दिवशी तालुक्यात सगळ्यात सुरक्षित माणूस मीच होतो.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती अजून छातीठोक सांगितली असती.

सापगावात आल्यावर लोक घरी गेले नाहीत. ओटीसमोर अंगणात उभे राहिले. काकी चहा ठेवू का म्हणाली, तर कुणी हो म्हणेना, नाही म्हणेना. आपापल्या पाटाकडे मात्र सगळे बघत होते. शेवटी महादूआबा काकाला म्हणाले, की तुझ्यावर आमचा विश्वास आहेच, पण वाळू वैशाखरे गावातल्या कामावरून निघायचाय. त्याला येऊ नको म्हणून सांगायला आमच्या मनाची खात्री हवी. आमच्या समोर दोन डोळे काढ, की आम्ही चाललो. नाय जमलं, तर तुझा दोष नाय, दाढेचा हाय. पाट नेतो.

डॉक्टरांनी काकाला पडून राहायला सांगितलं होतं. काकानं हात धुतले, कापूस गालात नीट बसवला आणि महादूआबांचा गणपती पुढं ओढला.

काका डोळे आखतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहायचं नसतं, हसू येतं. मूर्तीच्या चेहऱ्यावर जो भाव हवा, तोच तो स्वतःच्या चेहऱ्यावर आणतो आणि मग रेघ ओढतो. त्याला ते ठाऊक नाही. गणपती हसरा, प्रसन्न हवा, म्हणून काका हसरा, प्रसन्न होतो आणि कुंचला टेकवतो. त्या दिवशीही तो प्रसन्न झाला. पण दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शननं त्याचा उजवा गाल, ओठ, सगळं सुन्न होतं. डाव्या अंगानं काका मायेनं हसत होता. उजव्या अंगाला त्यातलं काही माहीत नव्हतं. ते रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं लोंबत होतं.

मी काकीकडे पाहिलं. काकीनं तोंडाला पदर लावला. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. एक तर हात मध्येच थांबला असता, आणि दुसरं, बोलायचं की नाही या विषयावर त्या दिवशी माझं मत कुणी विचारलं नसतं.

हात मात्र जराही उडाला नाही. दोन रेघा, दोन बुबुळं, वर पांढरा ठिपका. काकानं श्वास सोडला आणि पाट लोकांकडे फिरवला.

गणपतीचा एक डोळा हसत होता. दुसरा तुमच्याकडं नुसता बघत होता, नोकरीच्या मुलाखतीला बसलेला साहेब बघतो तसा.

महादूआबा पुढं आले. डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं. काका ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ पुसत वाट बघत होता. त्याला वाटत होतं दोन्ही डोळे सारखेच हसताहेत. मला वाटत होतं आता पाट उचलला जाणार आणि काका उरलेलं आयुष्य भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि त्या भिंतीत आणि काकात मी कुठं तरी असणार.

महादूआबांनी डोक्यावरची टोपी काढली.

“ह्यो डोळा आपल्यावर,” ते म्हणाले, “आन् ह्यो साथीवर.”

धोंडीबाईनं गुडघे टेकले. मागून कुणीतरी म्हणालं, काय नजर हाय. रघूनं तिथंच वाळूला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपला पाट पुढं सरकवला, आणि काकानं इंजेक्शनचा अंमल उतरायच्या आत एकामागून एक सगळ्यांचे डोळे आखून टाकले. एक हसरा, एक सावध.

उरलेले गणपती त्यानं दुसऱ्या दिवशी, गाल पूर्ण शुद्धीवर आल्यावर आखले. ते फार सुंदर झाले, प्रसन्न, दोन्ही डोळे मोजून मापून. चतुर्थीला यमूची धाकटी जाऊ प्रमिला आपला पाट न्यायला आली आणि बराच वेळ मूर्तीसमोर उभी राहिली. मग खालच्या आवाजात काकीला म्हणाली, बाकीच्यांच्या गणपतीला साथ दिसते, आमच्याच गणपतीचे दोन्ही डोळे सारखे कसे काय? आमी काय कमी केलावता?

पुढच्या वर्षी साथ नव्हती. आषाढात पाट आले ते दरवर्षीपेक्षा जास्त आले, शहापूरहूनही आले, आणि प्रत्येक जण ठेवताना एकच सांगून गेला: डोळं तसंच पायजेत. काकानं आधी मातीच्या एका गोळ्यावर करून पाहिलं. मग एका जुन्या मूर्तीवर. प्रत्येक वेळी दोन्ही डोळे हसले. त्यानं एक गाल हातानं दाबून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला, काकीला उजव्या बाजूनं रागावून बघायला सांगितलं. काही जमलं नाही.

एका दुपारी त्यानं मला ओटीवर बोलावलं. कुंचला खाली ठेवला होता. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि मला बरं वाटलं नाही, कारण त्याचं तसं बसणं मी एकदा पाहिलं होतं.

“दीपेश,” तो म्हणाला, “त्या डॉक्टरीनबाईला फोन लाव. नुसता इंजेक्शन देते का इचार.”

मी विचारलं, आणि नाही म्हणाल्या तर?

काकानं जीभ गालात फिरवून आतला साठा पाहिला.

“तर सांग, उजव्या बाजूच्या अजून हायत.”

मी फोन लावला. डॉक्टर नम्रतांनी माझं नाव ऐकून घेतलं आणि विचारलं, की या वेळी बरोबर दुसरं कुणी येऊ शकेल का.